यकृताची गाठ दुर्बिणीतून काढताना

यकृतात गाठ आहे असं कळलं की घरचे लोक पहिल्याच भेटीत विचारतात, "दुर्बिणीतून होईल ना?" प्रश्न रास्त आहे. बरगडीखालून मोठा छेद घेण्याऐवजी चार-पाच भोकांतून काम झालं, तर दुखणं कमी होतं आणि माणूस लवकर चालायला लागतो. पण भोकं लहान म्हणून आतली शस्त्रक्रिया लहान होत नाही. दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त ज्या अवयवातून वाहतं, तो अवयव कापायचा असतो. आणि कापल्यानंतर जेवढं यकृत उरेल, तेवढ्यावर त्या माणसाला पुढे जगायचं असतं. काढायच्या गाठीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. उरणाऱ्या यकृताकडे तितकंच लक्ष द्यायला हवं, असं मला वाटतं. या कृतीतली बरीच पावलं ऑपरेशन थिएटरच्या बाहेरची आहेत, ती त्याचसाठी.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. पन्नाशीतला माणूस, हिपॅटायटिस बीचा जुना संसर्ग, यकृत थोडं कडक झालेलं पण कावीळ नाही, पोटात पाणी नाही. नेहमीच्या सोनोग्राफीत यकृताच्या डाव्या टोकाला चार सेंटिमीटरची गाठ दिसली. हे टोक मुद्दाम निवडलं आहे. दुर्बिणीतून यकृत कापण्यात हीच जागा सर्वांत रुळलेली आहे. २००८मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात जगभरचे यकृत सर्जन जमले, तेव्हा डाव्या टोकाच्या शस्त्रक्रियेसाठी दुर्बीण हीच प्रमाण पद्धत धरावी असं त्यांनी नोंदवलं.

गाठ कसली, ते आधी ठरवा

सोनोग्राफी फक्त 'काहीतरी आहे' एवढं सांगते. पुढचं पाऊल म्हणजे तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन, किंवा शिरेतून औषध देऊन केलेला एमआरआय. औषध धमनीतून यकृतात पोचतं तेव्हा एकदा, पोर्टल शिरेतून पोचतं तेव्हा एकदा आणि नंतर उशिरा एकदा, अशी चित्रं घेतात. यामागे यकृताची रचना आहे. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं आणि उरलेलं धमनीतून. यकृतात मूळ धरलेला कॅन्सर मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढतो. त्यामुळे तो पहिल्या टप्प्यात उजळतो आणि पुढच्या टप्प्यांत आसपासच्या यकृतापेक्षा काळपट दिसतो. सिरॉसिस किंवा हिपॅटायटिस बीचा जुना संसर्ग असलेल्या माणसात एक सेंटिमीटरहून मोठी गाठ अशी वागली, की निदान पक्कं धरतात. जोडीला रक्तातलं अल्फा फीटोप्रोटीन पाहतात. ते वाढलेलं असेल तर दुजोरा मिळतो, पण नसेल म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही.

इथे घाईने सुई घालून तुकडा काढायला लावू नका. चित्रं स्पष्ट असतील तर बायॉप्सीची गरज नसते. सुईच्या वाटेने रक्तस्राव होऊ शकतो आणि क्वचित कॅन्सरच्या पेशी त्या वाटेवर रुजतात. चित्रं गोंधळाची असतील तेव्हाच बायॉप्सीचा विचार होतो.

हीच तपासणी उलट्या बाजूनेही उपयोगी पडते. यकृतात सर्वांत जास्त सापडणारी साधी गाठ म्हणजे हिमॅन्जिओमा, रक्तवाहिन्यांचा एक निरुपद्रवी गुंता. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही आणि तो काढावाही लागत नाही. फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया या दुसऱ्या साध्या गाठीचंही तसंच. नुसत्या धास्तीपोटी अशा गाठींवर शस्त्रक्रिया करून घेऊ नये, दुर्बिणीतूनसुद्धा नाही. दुर्बिणीमुळे शस्त्रक्रिया सोपी वाटायला लागली, म्हणून ती करायचं कारण बदलत नाही.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून यकृतात आलेल्या गाठींचा हिशोब वेगळा असतो. तिथे केमोथेरपी आधी की शस्त्रक्रिया आधी, हे कॅन्सरतज्ज्ञ, सर्जन आणि रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. आपली केस ट्यूमर बोर्डात मांडली का, हे विचारण्यात कसलाही संकोच नको.

नकाशा आणि मोजमाप

यकृत बाहेरून एकसंध दिसतं. आत मात्र त्याचे आठ विभाग आहेत आणि प्रत्येकाला रक्ताची आणि पित्ताची स्वतःची वाट आहे. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ क्लोद कुइनो याने १९५७मध्ये ही मांडणी केली आणि आजही सीटीच्या रिपोर्टात गाठ 'सेगमेंट तीन'मध्ये किंवा 'सेगमेंट आठ'मध्ये आहे असं लिहितात ते त्याच क्रमांकांनी. रिपोर्ट हातात आला की हा आकडा शोधा. दोन, तीन, पाच, सहा आणि चारचा खालचा भाग हे विभाग पुढे आणि खाली असल्याने दुर्बिणीला सहज सापडतात. सात, आठ, चारचा वरचा भाग आणि पाठीमागे दडलेला एक नंबर हे अवघड. तिथे सरळ दांड्यांच्या हत्यारांना वळायला जागा नसते. रोबोटचं वळणारं मनगट तिथे उपयोगी पडू शकतं. पण डाव्या टोकासाठी रोबोटचा वेगळा खर्च करावा असं मला वाटत नाही. ती हातची दुर्बीण उत्तम करते.

आपल्या उदाहरणातली गाठ दोन आणि तीन नंबरमध्ये आहे. हे दोन विभाग मिळून यकृताचा साधारण पाचवा-सहावा हिस्सा होतो. म्हणजे ऐंशी टक्क्यांहून जास्त यकृत मागे राहणार. सीटीवरून संगणकाने उरणाऱ्या यकृताचं आकारमान मोजता येतं. निरोगी यकृत असेल तर किमान २० टक्के, बरीच केमोथेरपी झालेली असेल तर ३० आणि सिरॉसिस असेल तर ४० टक्के उरायला हवं, असा दंडक आहे. त्याहून कमी उरणार असेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर आधी बंद करतात. मग चार ते सहा आठवड्यांत दुसरी बाजू वाढते आणि त्यानंतर शस्त्रक्रिया होते.

पण ऐंशी टक्के उरलं तरी ते ऐंशी टक्के कसं आहे, हा प्रश्न राहतोच. त्यासाठी चाइल्ड-प्यू नावाचा गुणतक्ता वापरतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवरची गुंगी या पाच गोष्टींचे गुण मिळवतात. पाच-सहा गुण आले तर 'ए' वर्ग, आणि यकृत कापण्याचा विचार मुख्यतः याच वर्गात करतात. दुसरी तपासणी पोर्टल शिरेतल्या दाबाची. प्लेटलेट एक लाखाच्या खाली, प्लीहा वाढलेली, एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या, अशी लक्षणं एकत्र दिसली तर दाब वाढलेला आहे. अशा यकृताचा छोटा तुकडा काढला तरी पुढे पोटात पाणी भरू शकतं. जपानी सर्जन इंडोसायनिन ग्रीन हे हिरवं औषध शिरेतून देऊन पंधरा मिनिटांनी रक्तात किती उरलं तेही मोजतात. १० टक्क्यांपेक्षा कमी उरलं असेल तर यकृताची ताकद चांगली समजतात.

याच टप्प्यावर दुसरे मार्गही टेबलावर यायला हवेत. गाठ दोन-तीन सेंटिमीटरची आणि खोल असेल तर सुईने उष्णता देऊन ती जाळता येते. यकृतच निकामी होत चाललं असेल आणि गाठ एकच, पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत असेल, तर प्रत्यारोपणाचा विचार करतात. १९९६मध्ये इटलीतल्या मिलान शहरातून आलेला हा निकष आजही आधाराला घेतात.

रुग्णालय आणि पैसा

हे ऑपरेशन कुठे करायचं, हे सर्जनच्या नावाइतकंच रुग्णालयाच्या तयारीवर ठरवा. यकृताची उघडी आणि दुर्बिणीची दोन्ही ऑपरेशनं तिथे नियमित होतात का? दुर्बिणीतून जमलं नाही तर तोच चमू पोट उघडून काम पुरं करू शकतो ना? रक्तपेढी, आयसीयू आणि रात्री-बेरात्री नळी घालून पू किंवा पित्त बाहेर काढू शकणारा रेडिऑलॉजिस्ट आहे का? हे तीन प्रश्न सरळ विचारा. चांगला सर्जन ते मनाला लावून घेत नाही.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन ऍडमिट होण्याच्या आधीच त्याला भेटा, कारण योजनेतली मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते. आपलं ऑपरेशन योजनेत कोणत्या नावाने बसतं आणि स्टेपलरसारखं महागडं साहित्य त्यात धरलं आहे का, हे त्याच्याकडून लिहून घ्या.

घरची तयारी

तारीख ठरल्यापासूनचे दोन ते चार आठवडे वाया घालवू नका. दारू पूर्ण बंद. सिगारेट, बिडी, तंबाखू बंद. रोज अर्धा तास चालणं आणि जमेल तसे जिने. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र आधीच विकत घेऊन घरी सराव करावा. ऑपरेशननंतर वरच्या पोटात दुखत असताना ते पहिल्यांदा शिकणं जड जातं.

हिपॅटायटिस बी असेल तर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरची गोळी डॉक्टर सुरू करतात. ती एक दिवसही चुकवू नये, आणि बरं वाटतंय म्हणून मनाने थांबवू तर मुळीच नये. गोळी अचानक बंद झाली की विषाणू उसळतो, आणि उरलेल्या यकृताला ते झेपत नाही.

झाडपाल्याची औषधं, काढे, चूर्णं, जिममधल्या पावडरी, सगळं थांबवा आणि काय-काय घेत होतात ते डॉक्टरांना सांगा. 'नैसर्गिक' म्हणून लोक हे लपवतात, किंवा सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांमध्ये झालेली यकृताची इजा वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली, ती कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली जात असताना. ज्याच्या यकृताचा तुकडा जाणार आहे, त्याने हा धोका पत्करू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय एकट्याने घेऊ नका. हृदयात स्टेंट असलेल्याने ऍस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल कधी थांबवायचं, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं असतं.

खाण्यात प्रथिनं वाढवा. 'लिव्हरचं आहे' म्हणून पेज आणि उसाचा रस यांवर ठेवलेली माणसं ऑपरेशनपर्यंत स्नायू गमावून बसतात. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे, जे घरात चालतं ते. यकृत कडक असेल तर झोपण्यापूर्वी थोडं खावं, कारण असं यकृत असलेलं शरीर रात्रभराच्या उपासात स्नायू मोडून ऊर्जा मिळवतं.

आदल्या रात्री हलकं जेवण आणि साबणाने आंघोळ. पोटावरचे केस घरी रेझरने काढू नयेत. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. गरज असेल तर रुग्णालयात मशिनने कापतात. नखांचं पॉलिश काढा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागतो. भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं नसेल तर घट्ट अन्न सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही' हा जुना नियम आता बऱ्याच ठिकाणी सोडून दिला आहे.

टेबलावर

रुग्णाला पाठीवर झोपवतात, पाय फाकवलेले, डोक्याची बाजू थोडी वर. सर्जन दोन पायांच्या मध्ये उभा राहतो, मदतनीस दोन बाजूंना. डोकं वर केल्याने आतडी खाली सरकतात आणि यकृत मोकळं दिसतं. भूल पूर्ण. सुरुवात करण्याआधी सगळे हात थांबवून रुग्णाचं नाव, ऑपरेशन, ऍलर्जी आणि रक्ताची सोय मोठ्याने वाचतात.

बेंबीजवळ पहिलं भोक. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सोडून पोट फुगवतात, दाब साधारण १२ मिलिमीटर पारा. हाच वायू का, याला कारण आहे. कापताना एखादी शीर उघडी पडली आणि वायू आत ओढला गेला, तर कार्बन डायऑक्साइड रक्तात चटकन विरघळतो, साध्या हवेसारखा बुडबुडा होऊन हृदयात अडकून राहण्याची शक्यता कमी. तरीही भूलतज्ज्ञ उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर डोळा ठेवून असतो. तो एकाएकी पडला तर वायू बंद करून काम थांबवतात. दुर्बीण आत गेल्यावर तिच्या नजरेखाली आणखी तीन-चार भोकं घेतात, काही ५ मिलिमीटरची, काही १२ची.

पहिलं काम कापणं नाही, बघणं. पोटाच्या पडद्यावर कॅन्सरचे ठिपके नाहीत ना, यकृताचा पृष्ठभाग किती खडबडीत आहे. उघड्या शस्त्रक्रियेत सर्जन हाताने चाचपून गाठ शोधतो. दुर्बिणीत ते शक्य नसतं. त्या हाताची जागा सोनोग्राफीचा लांब दांडीचा प्रोब घेतो. तो यकृतावर थेट टेकवून गाठ कुठवर आहे, सीटीत न दिसलेली दुसरी गाठ आहे का, कोणत्या शिरा वाटेत येतील, हे पाहतात आणि कापायची रेघ यकृतावर आखून घेतात. काही ठिकाणी इंडोसायनिन ग्रीन काही दिवस आधी दिलेलं असतं. खास कॅमेऱ्यात गाठ हिरवी चमकते.

आता यकृत सोडवायचं. बेंबीकडून यकृताला आलेला गोल दोर, म्हणजे राउंड लिगामेंट, कापतात आणि त्याचं यकृताकडचं टोक पकडून ओढायला वापरतात. पोर्टल दाब वाढलेला असेल तर या दोरात जुनी शीर पुन्हा उघडलेली असू शकते, म्हणून तो नुसता जाळत नाहीत, नीट बंद करून कापतात. मग पोटाच्या पुढच्या भिंतीला यकृत जोडणारा पडदा, मग डावं टोक श्वासपटलाला बांधणारा त्रिकोणी पदर. हा पदर सोडवताना आत सरकत गेलं की डावी यकृतशीर लागते, तिथे वेग कमी करावाच लागतो. जठर आणि यकृत यांच्यामधल्या पातळ पडद्यात काही जणांना डाव्या यकृताची वेगळी धमनी असते, तीही तपासतात.

यानंतरची पायरी रक्त थांबवण्याची सोय. पित्तनळी, धमनी आणि पोर्टल शीर यकृताच्या दाराशी एकाच पदरात येतात. त्या पदराभोवती एक फीत घालून तिची टोकं नळीतून बाहेर घेतात. फीत आवळली की यकृतात येणारं रक्त थांबतं. ग्लासगोचा सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल याने १९०८मध्ये अपघातात फाटलेल्या यकृतासाठी हे सुचवलं आणि ही युक्ती अजूनही त्याच्याच नावाने ओळखतात. १५ मिनिटं आवळायची, ५ मिनिटं सोडायची, म्हणजे उरणाऱ्या यकृताला उपाशी ठेवल्यासारखं होत नाही. डाव्या टोकासाठी ती कित्येकदा आवळावीही लागत नाही, पण आधी घालून ठेवलेली बरी.

फीत येणारं रक्त अडवते. यकृतशिरांतून उलटं येणारं रक्त अडवायचं काम भूलतज्ज्ञाचं आहे. कापणं संपेपर्यंत तो सलाइन हात राखून देतो आणि हृदयाकडच्या मोठ्या शिरेतला दाब ५ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली ठेवायचा प्रयत्न करतो. त्यात भर म्हणून पोटातल्या वायूचा दाबही बारीक शिरांना बाहेरून दाबून धरतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रक्त कमी जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांची एकमेकांशी सवय असणं इथे फार मोलाचं.

मग कापणी, पुढच्या पडद्याच्या किंचित डावीकडून. यकृताचा गर खरवसासारखा मऊ असतो आणि त्यात रक्तवाहिन्या-पित्तनळ्यांचं घट्ट जाळं असतं. वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थर उष्णतेच्या हत्याराने सरळ कापतात, तिथे मोठं काही नसतं. खोलवर गेल्यावर ध्वनिलहरींनी गर फोडून शोषून घेणारं यंत्र वापरतात. गर निघून जातो, नळ्या तशाच उघड्या राहतात. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळी जाळून बंद, त्याहून जाडीला क्लिप. दोन आणि तीन नंबरच्या मुख्य नळ्यांभोवती थोडा गर उरला की रक्तवाहिन्यांसाठीचा स्टेपलर लावतात. तो दोन्ही बाजूंना टाचण्यांच्या ओळी मारून मधून कापतो. शेवटी डावी यकृतशीर, तीही स्टेपलरने. डाव्या टोकाची रचना इतकी ठरलेली असते की सरावलेल्या हातांत हा भाग शांतपणे पार पडतो.

रक्त उसळलं तर? आंधळेपणाने क्लिप मारायची नाही. आधी गॉजने दाबायचं, फीत आवळायची, शोषून घेऊन जागा दिसू द्यायची, मग टाका. त्यानेही भागलं नाही, किंवा गाठीची कड कुठे संपते याची खात्री वाटेना, तर पोट उघडायचं. नातेवाईक याला 'दुर्बीण फेल गेली' म्हणतात. तसं म्हणू नये. वेळेवर पोट उघडणारा सर्जन रुग्णाला वाचवत असतो, आणि म्हणूनच संमतिपत्रावर ही शक्यता आधीच लिहिलेली असते. ती वाचून, समजून सही करा.

कापून झाल्यावर वायूचा दाब मुद्दाम कमी करतात, कारण दाबाखाली झाकलेला शिरेचा रक्तस्राव तेव्हाच दिसतो. कापलेल्या पृष्ठभागावर पांढरं गॉज टेकवून पित्ताचा पिवळा-हिरवा डाग पडतो का पाहतात. काढलेला तुकडा आतच पिशवीत घालतात आणि ओटीपोटावर, सिझेरियनला घेतात तशा आडव्या छेदातून अख्खा बाहेर काढतात. त्याचे तुकडे करून लहान भोकातून काढणं सोपं पडलं असतं. पण मग गाठीभोवतीची कड स्वच्छ होती का, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येणार नाही. ड्रेनची नळी सगळ्यांनाच लागत नाही.

वॉर्डमधले दिवस

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदा दुखतोय म्हणून माणसं घाबरतात. उरलेल्या वायूमुळे श्वासपटल चाळवतं आणि त्याच्या नसेचं दुखणं खांद्यात जाणवतं. एक-दोन दिवसांत ते जातं. संध्याकाळी घोट-घोट पाणी, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी उठून बसणं, मग सिस्टरचा हात धरून वॉर्डात फेरी. चालल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो, फुप्फुसं मोकळी राहतात. चेंडूंचं यंत्र जागेपणी दर तासाला.

दुखणं सहन करू नका, सांगा. पण घरून आणलेली वेदनाशामक गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधं कडक यकृताच्या माणसात मूत्रपिंडाला इजा करतात. पॅरासिटामॉल चालतं, ठरवून दिलेल्या मात्रेत.

पहिल्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टात एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची एन्झाइमं शेकड्यांत दिसतील. त्याने हादरून जाऊ नका, ते उतरत जातात. खरं लक्ष बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर यांवर. पाचव्या दिवशी बिलिरुबिन ३च्या वर आणि रक्त गोठण्याची क्षमता निम्म्याहून कमी असेल, तर उरलेलं यकृत थकलं आहे असा इशारा समजतात. ड्रेन ठेवली असेल तर तिसऱ्या दिवसापासून तिच्यातल्या पाण्याचं बिलिरुबिन रक्ताच्या तिप्पट आलं की पित्त झिरपतंय. बहुतेक वेळा ते नळीवरच थांबतं.

दुर्बिणीचा फायदा नेमका या दिवसांत दिसतो. ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयात मोठ्या आतड्यातून यकृतात आलेल्या गाठींच्या २८० रुग्णांची चिठ्ठी टाकावी तशी विभागणी करून उघडी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया ताडून पाहिली. २०१८मध्ये आलेल्या निष्कर्षांत गुंतागुंत उघड्या शस्त्रक्रियेनंतर ३१ टक्के आणि दुर्बिणीनंतर १९ टक्के होती. रुग्णालयातला मुक्काम ९६ तासांवरून ५३ तासांवर आला. पाच वर्षांनंतर जगलेल्यांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखंच होतं. म्हणजे दुर्बिणीमुळे सावरणं सोपं झालं आणि कॅन्सरच्या बाबतीत तोटा झाला नाही. आपल्याकडे लोक सहसा तीन ते पाच दिवसांनी घरी जातात. गाव लांब असेल तर शहरात एक-दोन दिवस जास्त राहावं.

घरी आल्यावर

ताप, डोळे पिवळे होणं, पोट फुगत जाणं, जखमेतून पिवळं-हिरवं पाणी, काळी शी, एका पोटरीला सूज, धाप, किंवा माणसाने असंबद्ध बोलणं आणि दिवसा गुंगीत राहणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. शेवटचं लक्षण घरच्यांनाच आधी कळतं. 'थकलाय, झोपू दे' म्हणून ते सोडून देऊ नये.

जड उचलणं चार ते सहा आठवडे बंद: पाण्याचे हंडे, पोती, गॅसची टाकी, शेतातली मोठी कामं. जेवण नेहमीचं, हळद-तेलासह. उरलेलं यकृत पहिल्या काही आठवड्यांत भरभर वाढतं आणि त्याला प्रथिनं लागतात. कडक झालेलं यकृत हळू आणि कमी वाढतं, म्हणून तिथे दारूचा एक घोटही नको.

साधारण आठवड्याभरात पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. तो घेऊन सर्जनसमोर बसा आणि कड किती मिलिमीटर मोकळी आहे, बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सर शिरलेला दिसला का आणि बाकीचं यकृत किती कडक आहे, हे समजून घ्या. शेवटची गोष्ट लोक विचारत नाहीत. पण यकृताचा मूळचा कॅन्सर पाच वर्षांत निम्म्याहून जास्त लोकांमध्ये पुन्हा दिसतो, आणि कित्येकदा तो त्याच आजारी यकृतात नव्याने उगवतो. हे ऐकायला कठीण आहे, तरी रुग्णापासून लपवू नये. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि अल्फा फीटोप्रोटीन, मग दर सहा महिन्यांनी. लहान असताना सापडलेल्या नव्या गाठीवर पुन्हा इलाज होतो, कधी सुईने, कधी पुन्हा दुर्बिणीने. पहिल्या वेळी पोट उघडलेलं नसेल तर आत चिकटलेलं कमी असतं, आणि दुसऱ्या वेळचं काम सोपं जातं.

स्वयंपाकघरातले खवट, बुरशी आलेले शेंगदाणे आणि मका टाकून द्या, निवडून वापरू नका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून पूर्ण जात नाही, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या यकृतात ते कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढवतं.

आणि घरातल्या बाकीच्यांचं रक्त तपासा. हिपॅटायटिस बी आईकडून बाळाला, नवरा-बायकोत, एकच रेझर वापरल्याने पसरतो. भावंडांनाही तो एकाच आईकडून आलेला असू शकतो. एचबीएसएजी ही साधी तपासणी आहे. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर ती आणि पुढची औषधं मोफत मिळतात. ज्यांची तपासणी निगेटिव्ह येईल आणि लस झालेली नसेल, त्यांना लशीचे तीन डोस द्या: आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ज्यांची पॉझिटिव्ह येईल, त्यांना यकृतरोगतज्ज्ञाकडे पाठवा. सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी लागेल का, ते त्याच भेटीत ठरवून घ्या.